नसरापूरजवळ २० गुंठे मुरमाड जमीन: ७२ तासांचा कोर्स झाला, आता रोज सकाळी उठून करायचं काय?

मुरमाड_वीसगुंठे

नमस्कार मंडळी. जागा सातारा रस्त्याने चेलाडी फाट्यावरून आत, नसरापूरच्या पुढे. वीस गुंठे. उताराच्या दिशेने १०० फूट, आडवी साधारण २१८. शंभर फुटांत सहा फूट उतार. वर फूट-दीड फूट माती, खाली मुरूम, दोन-तीन ठिकाणी पहार मारली की कातळ वाजतो. बोअर सामाईक आहे, मार्चपासून एक दिवसाआड तासभर पाणी. जागेवर एक जोडपं राहतं, काका आणि मावशी, दोघंही शेतीतच वाढलेले. मी फक्त शनिवार-रविवार.

पर्माकल्चर डिझाइनचा, म्हणजे निसर्गाच्या घडणीवर बेतलेल्या शेतीच्या आखणीचा, ७२ तासांचा कोर्स केलाय. झोन, सेक्टर, फळबागेचे सात थर, सगळं कागदावर सुबक काढलंय. पण सोमवारी सकाळी साडेसहाला काका-मावशींनी हातात काय घ्यायचं, ते काही त्या कागदावर नाही.

सध्याचा बेत असा: मेमध्ये जेसीबी लावून ३×३×३ फुटांचे ६० खड्डे, तळाला शेणखत, जूनमध्ये ६० फळझाडं. शेणखताची एक ट्रॉली येऊन पडलीये. जून ते ऑगस्ट दोन मुलं राहून काम शिकायला येणार आहेत. यात चुकतंय काय आणि आधी काय घ्यावं? एप्रिल संपत आलाय, म्हणून जरा घाईने विचारतोय.

ओळंबा

साठ खड्डे थांबवा. जेसीबीला आगाऊ पैसे दिले असतील तर त्याच पैशात चर काढून घ्या.

मुरमातला तीन फुटी खड्डा म्हणजे हौद. चारी बाजू घट्ट, मधे भुसभुशीत माती आणि शेणखत. जुलैत सलग आठ दिवस पाऊस लागला की पाणी आत उतरतं पण बाहेर जात नाही. मुळं गुदमरतात, पानं पिवळी पडतात, आणि आपण समजतो खत कमी पडलं. खात्री करायची तर आजच हाताने एक खड्डा दोन फूट खोल घ्या, काठोकाठ पाणी भरा, जिरू द्या. मग दुसऱ्यांदा भरा आणि काठी उभी करून दर तासाला पातळी मोजा. पहिल्या वेळेचं मोजमाप धरायचं नाही, कोरडी जमीन तेव्हा खोटं बोलते. तासाला इंचभरही उतरत नसेल तर तिथे खड्डा नकोच, जमिनीवर फूटभर उंच, चार फूट रुंद ढीग करून त्यावर रोप लावायचं.

आता पाणी. तुमच्या मापांवर सरळ हिशोब होतो. दर ३३ फुटांवर, म्हणजे दहा मीटरवर, एक असे तीन समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले, बसतात. प्रत्येकाची लांबी साधारण ६६ मीटर. दोन चरांमधली जमीन ६६० चौरस मीटर. एखाद्या दणक्यात ४० मिमी पाऊस पडला तर २६,४०० लिटर, त्यातलं निम्मं वाहिलं असं धरा, १३,२०० लिटर. दोन फूट रुंद, एक फूट खोल चरात मावतं सुमारे ११,९०० लिटर. म्हणजे मोठ्या सरीला चर भरून वाहणारच. म्हणून सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडायची वाट, ही शोभेची वस्तू नाही, तो आधी ठरवायचा. वरच्या शेजाऱ्याच्या शेतातून येणारं पाणी यात धरलेलंच नाही, त्यामुळे खणायला सुरुवात सगळ्यात वरच्या चरापासून. खालून सुरुवात केली आणि मधेच वळीव आला तर खालचा बांध फुटतो.

समपातळी काढायला पाण्याची नळी पुरे. आरपार दिसणारी, आतून ८-१० मिमीची, १५ मीटर लांब. पुण्यात बोहरी आळीत मिळते. पाच फुटी दोन सरळ काठ्या, प्रत्येकीवर मोजपट्टी बांधायची, नळीचं एकेक टोक काठीला. बादली उंचावर ठेवून, तोंडाने ओढून नळी भरायची. नळाने भरली की बुडबुडे राहतात, आणि बोटभर बुडबुडा वाचन बिघडवायला पुरतो. दोन्ही काठ्या शेजारी उभ्या करून पाणी कोणत्या आकड्यावर आहे ते लिहून ठेवा. मग एकाने जागेवर उभं राहायचं, दुसऱ्याने तीन मीटर पुढे जाऊन वर-खाली सरकत राहायचं. दोन्हीकडे पुन्हा तोच आकडा आला की ती जागा समपातळीत, तिथे चुन्याची फक्की टाका. चालताना दोन्ही तोंडांवर अंगठा हवा. घोटभर पाणी सांडलं तरी सुरुवातीचा आकडा बदलतो, पुन्हा शेजारी-शेजारी उभं राहून नवा आकडा घ्यावा लागतो. यात सगळे आळस करतात आणि शेवटच्या वीस मीटरला चर उताराला लागतो.

खणलेली माती खालच्या अंगाला टाका, पण चराच्या काठाला लागून नको. मधे फूटभर जागा सोडा, नाहीतर पहिल्याच पावसात ती परत चरात. नवा बांध चांगला पाव हिश्शाने बसतो, तेवढा तो जास्त उंच ठेवा. दर दहा मीटरवर चरात फूटभराचा तुकडा न खणता सोडा. तळ कुठे थोडा चुकला असेल तर त्यामुळे सगळं पाणी एका टोकाला धावत नाही. सांडवा तीन फूट रुंद, बांधाच्या माथ्यापेक्षा सहा इंच खाली, शक्यतो न हललेल्या जमिनीवर आणि दगड बसवून. वरच्या चराचा सांडवा उजवीकडे असेल तर खालच्याचा डावीकडे, म्हणजे पाण्याला चालावं लागतं.

हाताने खणायचं तर मऊ मुरमात एका माणसाचं दिवसाला दीड-दोन घनमीटर होतं, कडक असेल तर निम्मं. एका चराचं काम १२ घनमीटर. दोघं जण एका चराला चार दिवस धरा, प्रत्यक्षात सहा लागतील.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: घाटमाथ्याच्या बाजूला, वेल्हे-मुळशीच्या आतल्या भागात, तीव्र उतारावर असे पाणी अडवणारे चर काढू नका. तिथे पाऊस कैक पट आहे आणि माती भिजून जड झाली की सरकते. ३० जुलै २०१४ ला माळीणमध्ये दरड कोसळून गाव गाडलं गेलं, ते आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. तिथे चराला शंभराला एक असा हलका उतार देऊन पाणी सावकाश ओढ्याकडे न्यायचं.

पालापाचोळा

ओळंबांच्या पाण्याला माझं अनुमोदन. आता उरलेलं: झाकण.

आच्छादनाचा हिशोब कोर्समध्ये क्वचित करून दाखवतात. एक गुंठा दहा सेंटिमीटर जाड झाकायला दहा घनमीटर काडीकचरा लागतो, म्हणजे शंभर लिटरच्या शंभर मोठ्या गोण्या. वीस गुंठ्यांना दोन हजार गोण्या. आणि पावसाळा संपेपर्यंत त्याचा थर दोन-तीन बोटांवर येतो. तेवढं बाहेरून आणणं कुणालाच परवडत नाही, म्हणून पहिल्या वर्षी घराजवळचे दोनच गुंठे नीट झाका आणि बाकी जागेवर झाकण उगवा.

उगवायचं म्हणजे: मृगाचा पाऊस जमिनीत वीतभर मुरला की चरांच्या मधल्या पट्ट्यात ताग. वीस गुंठ्यांना १० ते १२ किलो बी. कोरड्यात फेकलंत तर पाखरं नेतात. ४५-५० दिवसांनी, फुलकळी दिसायला लागली की कापून तिथेच आडवा पाडायचा. फुलं पाहण्याच्या मोहात पंधरा दिवस उशीर झाला की खोडाचा दोर होतो. तागाचा उपयोगच मुळात दोरासाठी, तो काय लवकर कुजणार!

बांधांवर गिरीपुष्प, ज्याला काही जण उंदीरमारी म्हणतात. तीन फुटी फांद्या, अंगठ्यापेक्षा जाड, मनगटापेक्षा बारीक, खालचं टोक तिरकं कापलेलं. दर दीड फुटाला एक धरली तर तीन बांधांना मिळून सुमारे ४३० लागतील. पहारीने फूटभर भोक करून त्यात सोडायच्या आणि पायाने माती दाबायची. वरून हातोडी मारून ठोकल्या की खालची साल सोलते आणि फांदी कुजते. जूनचा पहिला पंधरवडा सोडू नका. पहिली छाटणी आठ-दहा महिन्यांनी, कमरेच्या उंचीवर. शेवरी आणि तूर याच बांधावर मधेमधे टाका, ती गिरीपुष्पाच्या आधी सावली देतात.

बाहेरून आणायचंच तर पुण्यातल्या सोसायट्यांचा फेब्रुवारी-मार्चमधला पाला. गोण्या उतरवून घ्यायच्या आधी एक तरी ओतून पाहा: काच, दुधाच्या पिशव्यांचे कोपरे, फटाक्यांचे तुकडे निघतात. उसाचं पाचट चांगलं, भाताचा पेंढा त्याहून चांगला, पण तुमच्याकडे तो गुरांचा घास आहे, महाग पडेल. लाकडाचा भुसा वरून पसरला तर चालतो, मातीत मिसळू नका, कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतो आणि भाजी पिवळी पडते.

गाजरगवत जुलैत गुडघाभर होईल. हे बेणं देशात पहिल्यांदा नोंदलं गेलं तेच मुळी पुण्यात, १९५५ च्या सुमारास, त्यामुळे आपला त्याच्यावर पहिला हक्क. फुलण्याआधी मुळासकट उपटून ढिगात घातलं तर उत्तम हिरवं खत होतं. पांढरी फुलं आली की ढिगातही नको, बी टिकतं. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा, काहींच्या अंगावर याने महिनाभर पुरळ राहतं.

आणखी एक, वणवा. हे आता लगेच. पाला आणून ढीग करायच्या आधी चारी कडांना तीन मीटर पट्टा खरवडून मोकळा करा. आच्छादन, लाकडं, पेंढा काहीही त्या पट्ट्यात नको. २०० लिटरचा भरलेला ड्रम आणि चार ओली गोणपाटं वरच्या बांधाला मेअखेर कायम. पुढच्या वर्षी हा पट्टा जानेवारीतच मारायचा.

मुरमाड_वीसगुंठे

दोघांचेही आभार. खड्डे रद्द. एक खड्डा भरून पाहिला, दुसऱ्या वेळी तासाला जेमतेम बोटभर उतरलं.

नवीन अडचण. शेणखताची ट्रॉली उपसली तर आत पांढऱ्या, जाड, वाकड्या अळ्या. काका म्हणतात हुमणी (पिकाची मुळं खाणारी अळी) आहे, सगळं खत बाद. मावशी म्हणतात असल्या शेणात असतातच. खरं कुणाचं? आणि जीवामृत किती दिवसांनी द्यायचं?

शेणकाला

दोघांचंही खरं असू शकतं, अळी पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. चार-पाच अळ्या सपाट फरशीवर किंवा पाटावर ठेवा आणि मिनिटभर बघा. पाठीवर उताणी होऊन, पाय वर करून सरकायला लागली तर ती फुलभुंग्यांच्या जातीची, शेण कुजवणारी, राहू द्या. सहा पायांवर घसटत, कुशीवर वाकून राहिली तर हुमणीचा संशय धरा. बोटाएवढी जाड, डोकं गडद तपकिरी आणि दोन इंचांच्या पुढे असेल तर गेंड्या भुंग्याची. जागेत नारळ असेल तर ती वेचून काढाच.

हुमणी निघाली तरी खत बाद होत नाही. वीतभर जाडीने उन्हात पसरा, दोन दिवस दाताळ्याने खालवर करा, कोंबड्या असतील तर सोडा. त्यानंतर ढीग रचून तापवा. हुमणीचा खरा बंदोबस्त मात्र भुंग्यांवर. पहिला चांगला वळीव झाला की तिन्हीसांजेनंतर ते जमिनीतून निघून कडुलिंब आणि बाभळीवर बसतात. साडेसात ते नऊ या वेळात खाली कापड अंथरून फांद्या हलवा, पडलेले भुंगे रॉकेल टाकलेल्या पाण्यात. पहिले आठ-दहा दिवस रोज. शेजारच्या दोन-तीन शेतांनी एकदमच केलं तर फरक दिसतो, एकट्याने केलं तर शेजाऱ्याचे भुंगे तुमच्याकडे.

ढीग कसा: लांबी-रुंदी-उंची प्रत्येकी निदान एक मीटर, त्याहून लहान ढीग तापत नाही. वीतभर कोरडा पाला, चार बोटं हिरवं, दोन बोटं शेण, असं थरावर थर. मुठीत दाबलं की बोटांतून एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर जास्त झालं, काहीच नाही आलं तर कमी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मधोमध लोखंडी सळई दहा मिनिटं खुपसून काढा. हात लावून धरवत नसेल तर ढीग ५५-६० अंशांच्या घरात आहे, चाळवायची वेळ झाली. बाहेरचं आत, आतलं बाहेर. असे पाच-सहा वेळा. डोळ्यांत झोंबणारा वास आला तर हिरवं-शेण जास्त, कोरडं घाला. गटारासारखा वास आला तर पाणी जास्त, काठीने भोकं पाडा. मेमध्ये मात्र बहुतेक ढीग गार पडतात ते कोरडे पडल्यामुळे, वरून गोणपाट टाका.

जीवामृताचं ठरलेलं प्रमाण २०० लिटर पाण्याला १० किलो ताजं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत, ड्रमवर गोणपाट, सकाळ-संध्याकाळ ढवळायचं, ४८ तासांनी वापरायला घ्यायचं आणि आठवड्यात संपवायचं. झाकण घट्ट लावू नका, गॅस धरतो. हे एकराला आहे, तुम्हाला १०० लिटर पुरे, पंधरा दिवसांतून एकदा. पण सांगून ठेवतो, हे खत नाही, विरजण आहे. दूधच नसेल तर विरजण कशाला लावणार? उघड्या तापलेल्या मुरमावर ओतलेलं जीवामृत म्हणजे गूळ-बेसन वाया. आच्छादनाखाली, जमीन ओली असताना, संध्याकाळी. पाऊस सुरू होईपर्यंत घाई नको.

बांधावरची

वरच्या सगळ्यांनी ‘काय’ सांगितलं, मी ‘कधी’ आणि ‘कुणी’ सांगते.

मेमध्ये काम सकाळी सहा ते दहा, संध्याकाळी पाच ते साडेसहा. मधे काही नाही. सकाळचा पहिला अर्धा तास फेरी, रिकाम्या हाताने नव्हे, खुरपं आणि वही घेऊन. नळीची गळती, वाळवी, रोपांची मान, कोंबड्यांचं पाणी. मग जड काम: खणणं, वाहणं, ढीग चाळवणं. नऊनंतर सावलीतलं: रोपवाटिका, बी निवडणं, कोयत्याला धार. पाणी देणं संध्याकाळी. जूननंतर हे उलटं होतं. पाऊस कोसळत असताना घोंगडी-इरलं घेऊन चरांवर जायचं, कारण बांध कुठून पाझरतो आणि सांडव्यावर माती धुपते का हे फक्त तेव्हाच दिसतं. फावडं बरोबर हवं. पाऊस थांबल्यावर गेलात तर खूण उरते, कारण उरत नाही.

मुलांना पहिल्या आठवड्यात झाडं लावायला देऊ नका. सरळ उभ्या बाजूंचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवायचा आणि रोज सकाळी साडेआठला आतलं पाणी पट्टीने मोजून लिहायचं, तोच पर्जन्यमापक. चरातली पातळी भरल्यावर आणि सहा तासांनी लिहायची. काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती, बाकी पाणी, चमचाभर साबणपूड घालून पाच मिनिटं हलवायची आणि ठेवून द्यायची. मिनिटभरात बसते ती वाळू, दोन तासांत पोयटा (बारीक गाळ), दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चिकणमाती. वीस गुंठ्यांत सहा जागांच्या सहा बरण्या ओळीने ठेवल्या की फळझाड कुठे आणि भाजी कुठे, याचा निम्मा निकाल लागतो. रीतसर माती परीक्षण शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात विचारा, पण बरणी चुकवू नका.

नळीपेक्षा नवख्यांना ए-फ्रेम सोपी, इथे ओळंबांशी माझं पटत नाही. सात फुटी दोन बांबू, चार फुटी आडवा, वरून दोरीला दगड. पाय जमिनीवर ठेवून दोरी आडव्याला कुठे शिवते ती खूण करा, मग दोन्ही पायांची अदलाबदल करून त्याच दोन जागांवर दुसरी खूण. दोन खुणांच्या बरोबर मध्ये समपातळी. वाऱ्यात दोरी हलते, तेवढा एक दोष.

झाडं पहिल्या वर्षी साठ नव्हे, वीस. चरात नाही, बांधाच्या खालच्या अंगाला. आंब्याची कलमं आणण्याऐवजी जूनमध्ये जागेवरच कोयी लावा, एका जागी तीन. कोय दोन आठवड्यांपेक्षा जास्त वाळवू नका, रुजायची ताकद जाते. जागेवर रुजलेल्याचं सोटमूळ मुरमातली फट शोधतं, पिशवीतलं वेटोळं होऊन बसतं. पुढच्या पावसाळ्यात तांबूस पालवी फुटली की त्या कोवळ्या फुटव्यावर मृदुकाष्ठ कलम. सीताफळ आणि आवळा या जमिनीला हवेतच, पेरू-लिंबू घराजवळ. उन्हाळ्यासाठी प्रत्येक रोपाजवळ वीतभरावर सात लिटरचं साधं मडकं, गळ्यापर्यंत पुरलेलं, वर झाकणी. चार-पाच दिवसांनी भरायचं. बोअरचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं, असेल तर वर्षभरात मडक्याची बारीक छिद्रं बुजतात, पाणी उतरेनासं झालं की उपसून काथ्याने घासा. आच्छादन खोडापासून वीतभर लांब. वाळवी सहसा मेलेलं खाते, पण खोडाला चिकटलेला ओला पाला म्हणजे तिला जिना.

न्हाणी-मोरीचं पाणी केळीला. सहा फूट व्यासाचा, अडीच फूट खोल खड्डा, माती कडेने गोल, त्यावर पाच केळी, मधे फांद्या-पाला ठासून. पाण्याचा पाइप पाल्याच्या आत सोडा, वर नको, डास होतात. तुमच्या मुरमात पाणी हळू जिरतं, त्यामुळे भरून वाहील तेव्हा कुठे जाईल ती वाट आधीच काढा.

आणि आच्छादन आलं की उंदीर, उंदीर आले की घोणस. पाला हाताने उचलायचा नाही, दाताळ्याने. पायात गुडघ्यापर्यंत गमबूट, मुलांनाही, सबबी ऐकायच्या नाहीत. जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशाची लस आहे ते आजच विचारून १०८ बरोबर भिंतीवर लिहा.

काका-मावशींबद्दल: त्यांनी आयुष्यभर भाताच्या रोपांसाठी जमिनीवर पाला-शेण पसरून राब जाळलाय, त्यांना पाला न जाळणं म्हणजे आळस वाटणार. समजावत बसू नका. दोन वाफे शेजारी, एक झाकलेला, एक उघडा, दोन्हीत मेथी. पाणी मावशींनाच घालू द्या.

मुरमाड_वीसगुंठे

शेवटचं. फक्की टाकून झाली. मधल्या चराच्या ओळीत साधारण आठ मीटर कातळ आलाय, अर्ध्या फुटावर. ब्रेकर लावू?

ओळंबा

नको. चर कातळाच्या अलीकडे संपवा, पलीकडे नव्याने सुरू करा. मधल्या आठ मीटरवर त्याच समपातळीवर दगडांची ताल रचा: फूट-सव्वा फूट उंच, तळाला दोन फूट रुंद, मोठे दगड खाली, रुंद बाजू आत झुकलेली, फटींत बारीक चिपा. वरच्या अंगाला दोन पावसाळ्यांत गाळ साठतो. त्यात आधी मारवेल गवत लावा, नंतर घायपात. आणि त्या चराचा सांडवा या कातळावरच काढा, दगड बसवायचा खर्च वाचेल.